तळेगावहून लाहोरला, सिॲटलमार्गे

तळेगाव दाभाड्याहून चाकणवरून शिक्रापूरला जाणारा महामार्ग आज रात्रंदिवस कंटेनर आणि ट्रेलरनी भरलेला असतो. गाड्यांचे सुटे भाग, इंजिने, काचा, टायर हे सगळे याच रस्त्याने जाते-येते, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेल्या वसाहतींत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे राहतात. या रस्त्याची दोन टोके एकाच माणसाच्या आयुष्यात येऊन मिळतात. शिक्रापूरच्या टोकापासून थोड्याच अंतरावर तळेगाव ढमढेरे आहे. तिथे १८८८ साली विष्णू गणेश पिंगळे जन्मले. दुसऱ्या टोकाला तळेगाव दाभाडे आहे. तिथल्या समर्थ विद्यालयात ते शिकले. पुढे ते अमेरिकेत गेले, गदर पक्षात सामील झाले, परत आले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात फाशी गेले. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. मराठीत त्यांचा उल्लेख होतो तो बहुधा क्रांतिकारकांच्या यादीतले एक नाव म्हणून, बॉम्बसह पकडलेला तरुण म्हणून. हे वर्णन खोटे नाही, पण त्यात त्यांच्या आयुष्याचा गाभा निसटतो. माझे म्हणणे असे की पिंगळे हे मूलतः सैनिक होते, आणि त्यांना सैनिक केले ते परदेशातल्या वास्तव्याने. महाराष्ट्रातल्या सशस्त्र क्रांतीला पंचवीस-तीस वर्षे जी गोष्ट सापडत नव्हती ती, म्हणजे फौज, त्यांना घरापासून हजारो मैलांवर स्थलांतरितांच्या वस्तीत सापडली.

ही गोष्ट का सापडत नव्हती हे समजण्यासाठी याच पट्ट्यातल्या आणखी एका गावी जावे लागते. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. दामोदरपंत, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघेही भाऊ फासावर गेले आणि चौथे हुतात्मे महादेव रानडे. एका घराने याहून जास्त काही देणे शक्य नव्हते. पण दामोदरपंतांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तातून त्यांची मूळ आकांक्षा वेगळी दिसते. त्यांना लष्करात शिरायचे होते, त्यासाठी त्यांनी खटपट केली आणि ती फसली. मग तरुणांना जमवून, व्यायाम आणि कवायत शिकवून त्यांनी आपल्यापुरती एक छोटी फौज उभी करायचा प्रयत्न केला. त्याआधी १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी आणि धनगरांना हाताशी धरून तेच केले होते. फडके पुण्यात लष्कराच्याच हिशेब खात्यात नोकरीला होते. फौजेचा जमाखर्च त्यांच्या टेबलावरून जात होता, पण फौज त्यांच्या हातात येण्यासारखी नव्हती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले होते. सत्तावन्ननंतर इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवून भरती उत्तरेकडे, विशेषतः पंजाबकडे, वळवली होती. महारांची भरती तर १८९२च्या सुमारास बंदच झाली. मराठा पलटणी होत्या, पण शाळा-कॉलेजातल्या राजकारणी तरुणाचा आणि त्या पलटणींचा संबंध कुठेच येत नव्हता. म्हणून मराठी क्रांतिकारकाच्या वाट्याला पिस्तूल उरले, आणि पिस्तुलाने एक अधिकारी मारता येतो, राज्य उलथवता येत नाही.

पिंगळे घडले ते या कोंडीच्या पुढच्या पिढीत. तळेगावचे समर्थ विद्यालय प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकरांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या स्वप्नातून उभे राहिले होते. वंगभंगाच्या चळवळीनंतर सरकारी मदत आणि सरकारी अभ्यासक्रम नाकारणाऱ्या ज्या शाळा देशभर निघाल्या, त्यांपैकी ही महाराष्ट्रातली ठळक शाळा. पुस्तकी विद्येबरोबर हाताचे कामही शिकवायचे हा तिचा आग्रह होता. त्याच गावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारायचे ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, तिला टिळकांचे पाठबळ, आणि कारखान्याची तांत्रिक बाजू सांभाळायला जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय. आज ज्याला आपण औद्योगिक पट्टा म्हणतो त्याची ही एक पहिली भट्टी होती, आणि ती सामान्य लोकांच्या पैशापैशाने पेटली होती. यंत्र शिकण्यासाठी समुद्रापार गेलेला माणूस परत येऊन स्वदेशाच्या कामाला लागतो, हे तळेगावच्या मुलांच्या डोळ्यांसमोर होते. पिंगळ्यांनी पुढे इंजिनिअर व्हायचे ठरवले, अमेरिकेला जायचे ठरवले, ते अशा गावात वाढलेल्या मुलाला साजेसेच होते. राष्ट्रीय शाळेत त्या काळी कारखाना आणि स्वराज्य ही एकाच कामाची दोन नावे होती.

सरकारला या शाळेतले स्वराज्य दिसले. विजापूरकरांना ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या लेखावरून राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात जावे लागले. टिळक १९०८ पासून मंडालेत होते. नाशिकला डिसेंबर १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि महाराष्ट्रभर धरपकड सुरू झाली. १९१० साली समर्थ विद्यालय सरकारने बंद पाडले. पिंगळे मुंबईला गेले, माहीमच्या एका रसायनाच्या कारखान्यात त्यांनी काम केले आणि १९११ साली घरच्यांना न सांगता देश सोडला. हाँगकाँगमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले आणि सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात यांत्रिक अभियांत्रिकी शिकू लागले. या क्षणापर्यंत त्यांच्या चरित्रात सैनिकाचे काही नाही. शाळा हिरावली गेलेला, हाताला कसब हवे असलेला, स्वदेशीच्या विचाराने भारलेला हा तरुण अशा हजारोंपैकी एक होता. तो १९११ मध्ये देशातच राहिला असता तर एखाद्या गुप्त मंडळात गेला असता, किंवा एखादा छोटा कारखाना काढून बसला असता. हा तर्क आहे, पण त्याच्या बरोबरीच्या तरुणांची चरित्रे पाहिली तर तो सैल तर्क नाही.

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर त्यांना जो हिंदुस्थान भेटला तो त्यांनी महाराष्ट्रात पाहिला नव्हता. तिथल्या लाकडाच्या वखारींत, रेल्वेच्या कामावर आणि फळबागांत काही हजार हिंदी मजूर होते. बहुतेक पंजाबी, त्यातही जालंधर, होशियारपूर, लुधियाना, अमृतसर भागातले शीख शेतकरी, आणि त्यांतले कितीतरी जण इंग्रजांच्या पलटणींत नोकरी करून आलेले. ज्या साम्राज्यासाठी चीनपासून आफ्रिकेपर्यंत ते लढले होते, त्या साम्राज्याच्या प्रजाजनत्वाला परदेशात कवडीची किंमत नव्हती. सिॲटलच्या उत्तरेला बेलिंगहॅम गावात ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री शेकडो गोऱ्यांच्या जमावाने हिंदी मजुरांच्या राहत्या जागांवर हल्ला केला, त्यांना मारहाण करून बाहेर काढले आणि एक-दोन दिवसांत सगळी वस्ती गाव सोडून गेली. शीख असो, मुसलमान असो की ब्राह्मण, तिथल्या लोकांच्या लेखी सगळे ‘हिंदू’ होते आणि सगळे नकोसे होते. या अनुभवातून १९१३ साली ‘हिंदी असोसिएशन ऑफ द पॅसिफिक कोस्ट’ उभी राहिली. अध्यक्ष झाले वखारीत काम करणारे सोहनसिंग भकना आणि सरचिटणीस झाले लाला हरदयाळ. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या युगांतर आश्रमातून ‘गदर’ हे पत्र उर्दूत निघाले, मग गुरुमुखीत. सत्तावन्नच्या उठावाला इंग्रज हेटाळणीने ज्या नावाने ओळखत, ते नाव या लोकांनी अभिमानाने छातीवर लावले. लोकांनी पक्षालाही पत्राचेच नाव दिले.

इथे एका बारकाव्याकडे लक्ष द्यायला हवे, कारण माझ्या म्हणण्याचा पाया तिथे आहे. ‘गदर’ची भाषा पहिल्यापासून फौजेची होती. पत्राने शूर सैनिक हवेत अशी जाहिरात दिली ती सरकारी भरतीच्या जाहिरातीच्या धाटणीने: पगाराच्या जागी मृत्यू, बक्षिसाच्या जागी हौतात्म्य, निवृत्तिवेतनाच्या जागी स्वातंत्र्य. ही कल्पना वृत्तपत्री करामत म्हणून सुचलेली नाही. ज्यांनी खऱ्या भरतीच्या रांगेत उभे राहून खरा पगार आणि खरे निवृत्तिवेतन पाहिले होते, अशा वाचकांसाठी ती लिहिली होती. १९१४ च्या सुमारास हिंदी लष्करातले जवळपास निम्मे लढाऊ सैनिक पंजाबचे होते. या वखारकामगारांचे भाऊ, चुलतभाऊ, गाववाले अजूनही लाहोर, फिरोजपूर, रावळपिंडी, मेरठच्या छावण्यांत होते. मराठी क्रांतिकारकाला छावणीच्या कुंपणाबाहेरून जी फौज दिसत होती, ती या लोकांच्या घरातली होती. पिंगळे तळेगावहून थेट पंजाबला गेले असते तर परक्या मुलखातला एक परका तरुण ठरले असते. वखारी आणि वसतिगृहांच्या जगात ते त्यांच्यातले एक झाले, कारण तिथे सगळ्यांची अवहेलना एकच होती. तळेगावहून पंजाबच्या पलटणीपर्यंत जाणारी वाट सिॲटलवरून गेली ती अशी.

हे एकाच माणसाच्या बाबतीत योगायोगाने घडले असते तर त्यावर एवढा भार टाकता आला नसता. पण दुसरा साक्षीदार आहे, आणि तोही मराठी. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे पिंगळ्यांच्या आधी अमेरिकेत पोहोचले. त्यांनी तिथे दोन गोष्टी शिकायच्या ठरवल्या: शेती आणि लष्करी विद्या. हिंदुस्थानात ज्या मुलाला बंदूक हातात धरता आली नसती, त्याने कॅलिफोर्नियात सॅन राफेलच्या माउंट टॅमलपायस लष्करी अकादमीत रीतसर शिक्षण घेतले. पुढे गदरच्या लष्करी बाजूची उभारणी करण्यात त्यांचा हात होता. महायुद्ध पेटल्यावर ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले आणि तिथे इंग्रजांच्या फौजांशी प्रत्यक्ष लढले. युद्धानंतर परतीचे दार बंद झाले, तेव्हा मेक्सिकोत स्थायिक होऊन चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते मक्याच्या सुधारित वाणांवर काम करणारे प्राध्यापक झाले. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. खानखोज्यांचे आयुष्य लांबले, पिंगळ्यांचे तुटले. एकाने पुढे बियाणे घडवली, दुसऱ्याच्या वाट्याला फाशीचा दोर आला. पण देशात नागरिक म्हणून वाढलेला आणि परदेशात सैनिक झालेला मराठी तरुण ही घडण दोघांचीही एकच आहे. म्हणून मी त्याला अपवाद न म्हणता रीत म्हणतो.

४ ऑगस्ट १९१४ रोजी इंग्लंड युद्धात उतरले आणि गदर पक्षाने आपल्या लोकांना घरी परतायचा हुकूम दिला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस ‘कोमागाता मारू’ जहाजावरचे उतारू कॅनडाने परत पाठवल्यावर कलकत्त्याजवळ बजबजला उतरले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. परतणाऱ्यांना बंदरावरच पकडायला सरकार टपून बसले होते. पिंगळे नोव्हेंबरमध्ये ‘सलामिस’ बोटीने कलकत्त्याला उतरले, बरोबर बंगाली क्रांतिकारक सत्येन सेन होते. अभ्यासक्रम अर्धा टाकून आले होते. कलकत्त्यात त्यांची बंगाली क्रांतिकारकांचे पुढारी जतींद्रनाथ मुखर्जींशी गाठ पडली आणि तिथून ते काशीला, क्रांतिकारक रासबिहारी बोसांकडे गेले. डिसेंबरमध्ये पिंगळे पंजाबात होते. परदेशातून आलेल्या गदरवाल्यांकडे माणसे होती, जिद्द होती, पण देशातल्या संघटनेशी त्यांचा धागा जुळलेला नव्हता. बंगाल्यांकडे बॉम्बची विद्या आणि गुप्त कामाची शिस्त होती, पण फौज नव्हती. या दोन टोकांना सांधायचे काम ज्याने केले तो पुणे जिल्ह्यातला हा तरुण. जानेवारी १९१५ मध्ये रासबिहारी अमृतसरला आले, मग लाहोरला. २१ फेब्रुवारी ही उठावाची तारीख ठरली. लाहोर, फिरोजपूर आणि इतर छावण्यांत माणसे पाठवली गेली. ठरले ते असे की छावण्यांतल्या पलटणी उठतील आणि शस्त्रागार ताब्यात घेतील. कुणा एका अधिकाऱ्याचा खून या योजनेत कुठेच नव्हता.

योजना फुटली ती आतून. कृपालसिंग नावाचा एक जण पोलिसांना सामील होता. संशय आल्यावर तारीख १९ फेब्रुवारीवर ओढली, पण तीही त्याच्यामार्फत कळली. लाहोरातल्या घरांवर छापे पडले. बॉम्ब, पिस्तुले आणि उठावासाठी शिवून ठेवलेले झेंडे पोलिसांच्या हाती लागले. छावण्यांतल्या संशयित पलटणींची हत्यारे काढून घेतली गेली. पिंगळे आणि रासबिहारी काशीला निसटले. इथे पिंगळ्यांपुढे दोन वाटा होत्या. रासबिहारींनी पुढे देशाबाहेर जायचा मार्ग धरला. पिंगळे छावणीकडे वळले. २३ मार्च १९१५ च्या रात्री मेरठमध्ये १२ व्या घोडदळाच्या लाइनमध्ये ते पकडले गेले, तेव्हा त्यांच्याजवळच्या पेटीत दहा बॉम्ब होते. १९१२ साली दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंजवर जो बॉम्ब पडला होता त्याच धाटणीचे. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात असा निर्वाळा आहे की तेवढे बॉम्ब अर्धी पलटण उडवून द्यायला पुरले असते. पण त्या पेटीपेक्षा ती जागा जास्त बोलकी आहे. घोड्यांच्या पागा, सैनिकांच्या कोठड्या, पहारे. एवढी मोठी धरपकड झाल्यावर एका शहाण्या माणसाने या जागेपासून शक्य तितके लांब राहिले असते. १० मे १८५७ ला मेरठच्याच घोडदळापासून उठाव सुरू झाला होता, आणि पक्षाचे नावच त्या उठावावरून घेतलेले होते. पिंगळे शेवटपर्यंत एकच गोष्ट शोधत होते: उठायला तयार असलेली पलटण.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ज्याने गणवेश घातला नाही, एकही लढाई लढली नाही, त्याला सैनिक म्हणणे म्हणजे शब्दाची ओढाताण नव्हे काय? चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या वेढ्याशी झुंज दिली, त्याला सैनिक म्हणतात. पिंगळ्यांच्या बाजूने एक सोपे उत्तर देता येईल: सरकारनेच त्यांच्यावर बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप ठेवला. पण ते उत्तर पुरे पडत नाही. त्याच कलमाखाली १९०९ साली बाबाराव सावरकरांना कवितांची पुस्तिका छापल्याबद्दल जन्मठेप झाली होती. सरकारच्या कलमावरून कुणी सैनिक ठरत नाही. सैनिक ठरतो तो तीन गोष्टींनी: तो कुणाचा हुकूम मानतो, कुणाबरोबर उभा राहतो आणि त्याचे लक्ष्य काय असते. पिंगळे हुकूम आला म्हणून परतले. ते ज्यांच्याबरोबर उभे होते त्यांत माजी आणि चालू फौजी होते. त्यांचे लक्ष्य होते समोरच्या सत्तेची सैन्यशक्ती आपल्या बाजूला वळवणे. गणवेशाचे म्हणाल, तर ज्यांनी गणवेश घातला होता त्यांनीही या कटात प्राण दिले. २३ व्या घोडदळातल्या १२ स्वारांना त्याच वर्षी लष्करी न्यायालयाने देहान्त शासन दिले. ते एका सरकारी पलटणीचे सैनिक म्हणून जगले आणि दुसऱ्या, अजून न जन्मलेल्या फौजेचे सैनिक म्हणून मेले. पिंगळे त्या दुसऱ्या फौजेचे होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा सगळा बेत पोरकट होता. देश त्यांच्या मागे नव्हता. मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटलेल्या टिळकांनीही युद्ध सुरू झाल्यावर सरकारला सहकार्याची भाषा केली. गांधीजी युद्धकार्यात मदत करत होते. पंजाबातले बडे शीख सरदार गदरवाल्यांना पकडून देत होते. हे सगळे खरे आहे, आणि गदरवाल्यांनी परदेशातल्या आपल्या संतापावरून देशातल्या संतापाचा अंदाज बांधला ही त्यांची चूक मान्य केली पाहिजे. दूर राहणाऱ्याला घर जसे होते तसेच आठवते. पण त्यांचा लष्करी हिशेब चुकलेला नव्हता. युद्धासाठी गोऱ्या पलटणी युरोपकडे गेल्या होत्या. खुद्द हार्डिंज यांच्या म्हणण्यानुसार एक वेळ अशी होती की सगळ्या हिंदुस्थानात जेमतेम १५,००० गोरे सैनिक उरले होते. १५ फेब्रुवारी १९१५ ला सिंगापूरला ५ वी लाइट इन्फंट्री उठली, तेव्हा ते बंड मोडायला परकीय युद्धनौकांची मदत घ्यावी लागली. त्या बंडाची कारणे अनेक होती आणि त्याचे श्रेय एकट्या गदरला देता येणार नाही, पण फौज उठली तर साम्राज्य किती उघडे पडते हे त्याने दाखवले. सरकारला ही भीती पोरकट वाटली नाही. १८ मार्च १९१५ ला, पिंगळ्यांच्या अटकेच्या पाच दिवस आधी, डिफेन्स ऑफ इंडिया कायदा मंजूर झाला. त्याखाली बसलेल्या विशेष न्यायाधिकरणाच्या निकालावर अपीलच नव्हते. १३ सप्टेंबरला निकाल लागला: २४ जणांना फाशी. हार्डिंजने १७ जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली आणि सात जणांची कायम ठेवली. पिंगळे त्या सातांत होते.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. पिंगळे अमेरिकेत तीन-साडेतीन वर्षेच राहिले, विद्यार्थी म्हणून गेले. त्यांना परदेशी स्थायिक झालेला म्हणणे कितपत योग्य? आणि गदर ही मुळात पंजाब्यांची चळवळ. तिच्यात एक मराठी माणूस शोधून त्याचा गौरव करणे हा प्रांताभिमान नाही का? पहिल्या भागाचे उत्तर असे की त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या बहुतेकांनी कायमचे राहायचे असे ठरवून घर सोडलेले नव्हते. चार पैसे किंवा चार बुके मिळवावीत, परत यावे, हाच बहुतेकांचा बेत. स्थलांतरिताला स्थलांतरित करतो तो त्याचा मुक्काम किती वर्षांचा हा आकडा नव्हे. परक्या मुलखात आपण कोण ठरतो हा अनुभव त्याला तसे करतो, आणि तो पिंगळ्यांना पुरेपूर आला. दुसऱ्या भागाचे उत्तर हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. गदर पंजाब्यांचीच होती. पिंगळे त्यांचे पुढारी नव्हते, सोहनसिंग आणि कर्तारसिंग सराभांच्या आधी त्यांचे नाव घेणे चूक आहे. पण त्यांचे मोठेपण नेमके यातच आहे. फडके आणि चापेकरांच्या परंपरेतला एक तरुण दुसऱ्या प्रांताच्या, दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या धर्माच्या शेतकऱ्यांच्या फौजेत साध्या शिपायासारखा उभा राहिला आणि त्यांच्याबरोबर मेला. मराठी क्रांतीच्या इतिहासात हे नवे होते. आपण त्यांना फक्त ‘आपले’ म्हणून पाहिले तर नेमके हेच दिसेनासे होते.

या आयुष्यातून पुढे काय गेले, हे पाहिले म्हणजे त्यांचा मार्ग वाया गेला नाही हे कळते. रासबिहारी बोस मे १९१५ मध्ये जपानला निसटले आणि तिथेच राहिले. सत्तावीस वर्षांनी, १९४२ साली, आग्नेय आशियातल्या हिंदी लोकांची इंडियन इंडिपेंडन्स लीग त्यांच्या अध्यक्षतेखाली उभी राहिली, आणि ४ जुलै १९४३ रोजी सिंगापूरला त्यांनी ती सुभाषबाबूंच्या हाती दिली. १९१५ ला ज्या शहरात एक पलटण उठली होती, त्याच शहरात आझाद हिंद सेनेने आपली सूत्रे नेताजींकडे सोपवली. त्या सेनेत मलाया-ब्रह्मदेशातले मळ्यांवरचे मजूर होते आणि इंग्रजांच्या लष्करातले युद्धकैदी होते. म्हणजे परदेशी राहणारे हिंदी आणि गणवेशातले हिंदी, गदरने जोडायला घेतलेल्या त्याच दोन बाजू. मग फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल तळावरून नाविकांचे बंड पेटले आणि राज्यकर्त्यांना हिंदी फौजेचा भरवसा उरला नाही हे जगाला दिसले. स्वराज्य केवळ या मार्गाने आले असे मी म्हणत नाही. कोट्यवधी निःशस्त्र लोकांच्या लढ्याशिवाय ते येणे शक्य नव्हते. पण इंग्रजांचे राज्य हिंदी सैनिकाच्या खांद्यावर उभे आहे आणि तो खांदा सरकला की ते टिकत नाही, हे ओळखून मेरठच्या लाइनमध्ये शिरलेला माणूस चुकीच्या दारावर गेला नव्हता. तो बत्तीस वर्षे आधी गेला होता.

तरीही आपल्या पट्ट्यात चापेकरांचे नाव जेवढे घेतले जाते तेवढे पिंगळ्यांचे नाही. चिंचवडला चापेकरांचा वाडा आहे, चौक आहे, शिल्प आहे, आणि ते असायलाच हवे. पिंगळ्यांचे कर्तृत्व लाहोर-मेरठला घडले, खटल्याची कागदपत्रे उर्दू-इंग्रजीत राहिली, लाहोर १९४७ नंतर परदेश झाले. पुण्याच्या इतिहासाला ते दूरचे वाटले आणि पंजाबच्या इतिहासाला ते पाहुणे वाटले. पण आज तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर जे घडते आहे ते पाहता हा माणूस आपल्या फार जवळचा आहे. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, मराठवाड्यातून आलेले लाखो कामगार इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात, परक्या गावात आपण कोण ठरतो हे रोज अनुभवतात. त्यांच्याशी ‘बाहेरचे’ म्हणून वागणाऱ्याने एवढे आठवावे की या रस्त्याच्या दोन टोकांमधला सर्वांत मोठा हुतात्मा बाहेर जाऊन, बाहेरच्यांत मिसळून, बाहेरच्यांबरोबर मेला. माझी विनंती इथल्या शाळांना आहे. १६ नोव्हेंबरला पिंगळ्यांचे एकट्याचे नाव घेऊ नका. त्या दिवशी लाहोरच्या तुरुंगात एकाच खटल्यात फाशी गेलेल्या सातही जणांची नावे एका दमात घ्या, पंजाबातली सहा आणि मग आपले एक: कर्तारसिंग सराभा, जगतसिंग, हरनामसिंग सियालकोटी, बक्षीससिंग, सुरैनसिंग नावाचे दोघे, आणि सातवे विष्णू गणेश पिंगळे, राहणार तळेगाव ढमढेरे, जिल्हा पुणे.